खाल्लं का फेकलं?

त्या विमानतळाचं नाव मी लिहिणार नाही. तो युरोपात आहे, अवाढव्य आहे आणि आपल्याकडून अमेरिकेला निघालेली पुष्कळ माणसं तिथे विमान बदलतात, एवढं पुरे. तो ज्या शहराचा आहे त्या शहराचंही नाव घेणार नाही. ही खोड मूळची माझी नव्हे, कंट्रोलरतात्यांची. ते त्याला ‘ते गाव’ म्हणत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत ते मानापोटी, तात्या त्या शहराचं घेत नसत ते संतापापोटी. माझ्या दुकानात बसून ‘ते गाव’ म्हणताना त्यांच्या नाकपुड्या फुगायच्या आणि समोरचं गिऱ्हाईक बिचकून माझ्याकडे बघायचं.

माझं दुकान तेव्हा इंदापूरला स्टँडसमोरच्या गाळ्यात होतं. पासपोर्टचे फॉर्म, व्हिसा, विमानाची तिकिटं. पुण्याची माणसं मला विचारतात, इंदापुरात विमानाची तिकिटं कोण काढतं हो? असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. डाळिंबवाल्यांची मुलं जर्मनीत शिकतात, उसवाल्यांच्या लेकी अमेरिकेत नांदतात, भाजीपाला करणारे ग्रीनहाऊस बघायला हॉलंडला जाऊन येतात. बाळंतपणाला जाणाऱ्या आया तर बारा महिने. काढतात म्हणावं, भरपूर काढतात.

तात्या समोरच्याच स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे कंट्रोलर. निवृत्तीनंतर कळंबला घर बांधून राहिले, पण आठवड्यातून तीन दिवस पहिल्या गाडीने इंदापूरला यायचे, स्टँडवर एक फेरी मारायचे आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे यायचे. गिऱ्हाइकाची खुर्ची धरून बसायचे ते दुपारच्या गाडीपर्यंत. विमानाच्या गेटला ते फलाट म्हणत. कुणी तिकीट घेऊन निघालं की दारापर्यंत जाऊन, घोषणेच्या चालीवर, त्याच्या विमानाची वेळ पुन्हा एकदा मोठ्यानं सांगत. रस्त्यावरची माणसं थबकायची. एकदा एक आजी खरोखरच पिशवी उचलून गाडी कुठं लागली म्हणून विचारायला आली होती.

त्यांचं एक ठाम मत होतं. “स्टँड बगितलं की गाव कळतं.” कुठल्याही गावी गेले की ते आधी तीन गोष्टी बघत: पिण्याचं पाणी, मुतारी आणि चौकशीच्या खिडकीतला माणूस. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. “पानी न्हाय मिळालं तर मानूस हाटेलात जाईल. पर इचारल्यालं उत्तर न्हाय मिळालं तर कुठं जाईल?” मी म्हणायचो, तात्या, विमानतळावरून सगळं शहर कसं ठरवता? तुम्ही शहरात पाऊलही टाकलं नाहीत. ते म्हणायचे, “उंबऱ्यावरच हाकललं तर घर चांगलं हुतं म्हनू का?”

आणि त्यांच्या वेळचं स्टँडवरचं तक्रार पुस्तक. ते टेबलाला दोरीनं बांधलेलं असायचं, म्हणजे कुणी ते लपवू नये. लिहिता येत नसेल त्याची तक्रार तात्या स्वतः लिहून घेत, त्याच्याच शब्दांत. एकदा पळसदेवची एक म्हातारी आली आणि म्हणाली, मला त्या भोंग्यात बोलणाऱ्या मेल्याची तक्रार करायची आहे, तोंडात पानाचा तोबरा धरून बोलतो, माझी गाडी गेली. भोंग्यात बोलणारा मेला म्हणजे हेच. त्यांनी ‘मेल्या’सकट सगळं लिहून घेतलं, तिचा अंगठा घेतला, खाली स्वतःच्या सहीनं शेरा मारला, ‘तक्रार खरी आहे’, आणि तोंडातलं पान थुंकून आले. पुन्हा त्यांनी पान खाल्लं नाही. ही गोष्ट ते कौतुक म्हणून सांगत नसत. नियम म्हणून सांगत. “तक्रार लिवून घेतली की निम्मं दुख हलकं हुतं. ऱ्हायल्यालं निम्मं उत्तर आल्यावर.”

असा माणूस त्या विमानतळावर जाऊन पोचला, आणि तो मी पाठवला.

त्यांची एकुलती एक लेक अमेरिकेत. तिचं पहिलं बाळंतपण. जायचं होतं काकींनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं; तात्या नुसते सोबतीला. दोघांचे व्हिसा झाले, तिकिटं झाली, आणि काकी गोठ्यात घसरून पडल्या. गुडघ्याचं ऑपरेशन करावं लागलं. डॉक्टरांनी तीन महिने हलायचं नाही म्हणून सांगितलं. मग तात्या एकटेच निघाले. काकी पलंगावर पडून रडल्या नाहीत की कण्हल्या नाहीत. ऑपरेशनच्या आधी दोन महिने त्यांनी दारातल्या गाईचं लोणी साठवून, विड्याचं पान टाकून तूप कढवलं होतं. स्टीलच्या कडीच्या डब्यात ते भरून, झाकणाभोवती कणीक लिंपून, वर फडकं बांधून त्यांनी तात्यांच्या हातात दिलं. म्हणाल्या, “मी न्हाय जात. माझं तूप जातंय. बाळंतिनीचं हाय, चपला-कापडात कोंबू नका. मांडीवर घिऊन बसा.”

तात्या नियमाचे पक्के. ते मला विचारायला आले. दुकानात गर्दी होती, प्रिंटर अडला होता, आणि थंडीचे दिवस होते. त्यांनी विचारलं, “तुपाचा डबा मांडीवर न्हेला तर चालतंय का?”

मी मान वर न करता म्हटलं, “घट्ट आहे ना तात्या? मग काय, न्या की.”

तूप घट्ट असलं तरी त्यांच्या लेखी ते पाण्याच्याच जातीत मोडतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण मान वर करायला मला वेळ नव्हता. मी या धंद्यात इतकी वर्षं आहे, आणि एवढं एकच उत्तर मी कायमचं चुकलो.

आपल्याकडच्या तपासणीत कुणीतरी मराठी पोऱ्या होता. “काय आहे आजोबा?” “लेकीच्या बाळंतपनाचं तूप.” त्यानं हात जोडले आणि डबा जाऊ दिला. चांगुलपणा केला बिचाऱ्यानं, आणि घात झाला. इथंच अडवला असता तर डबा परत कळंबला गेला असता.

त्या विमानतळावर विमान बदलताना पुन्हा तपासणी झाली. पुढचं मी तात्यांच्याच तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे.

“गोरी बाई हुती, पन्नाशीची, हात घरकामाचा. तिनं फडकं सोडलं. कनीक खरवडली. झाकान उघाडलं आनि नाक खाली न्हेऊन वास घेतला. डोळं मिटून घेतला, मी सोता बगितलं. मंग मान हालवली आन् डबा खाली फळीवर ठिवला. शेजारी पिंप हुतं, त्यात बाटल्या टाकत हुते. पर माझा डबा पिंपात न्हाय टाकला. फळीवर ठिवला. मी म्हनलं बाई, लेकीचं हाय. ती कायतरी म्हनली. मागनं मानसं ढकलाय लागली. मी फुडं सरकलो.”

पुढचं विमान नऊ तास उशिरा होतं. नऊ तास तात्या काचेला तोंड लावून बसले. काचेतून दूर त्या शहराचा एक मनोरा आणि धुराच्या दोन चिमण्या दिसत होत्या. पिण्याचं पाणी त्यांना मिळालं, मुतारी स्वच्छ होती, हे ते प्रामाणिकपणे सांगत. पण चौकशीच्या खिडकीत माणूस नव्हता, बोटानं दाबायचा काचेचा पडदा होता. त्यांनी तक्रार पुस्तक मागितलं. खुणेनं, बोट कागदावर फिरवून. एका झाडूवाल्यानं त्यांना हाताला धरून एका खांबाशी नेलं. खांबावर चार बटणं होती आणि चार तोंडं. हिरवं हसरं, मग कमी हसरं, मग जरा नाराज, आणि लाल रडकं.

“हे तक्रार पुस्तक!” तात्या दुकानात उभं राहून ओरडायचे. “सांगा मला, त्या तोंडात तूप कुठं लिव्हायचं?”

तरी त्यांनी लाल तोंड दाबलं. मग थांबले, उत्तर यायची वाट बघितली. पुन्हा दाबलं. किती वेळा दाबलं, असा लेकीनं पुढे हिशेब विचारला तेव्हा म्हणाले, विमान येईपर्यंत दाबत होतो. मध्येच दोन मुलं आली आणि खेळ म्हणून हिरवं दाबून पळाली. तात्यांना त्या मुलांचाही राग होता. “माझी तक्रार पुसली त्येंनी.”

मला हसू यायचं, पहिल्या एक-दोन वेळा. मग नाही आलं. माणसाला काय झालं ते विचारायचं नाही, त्याचं तोंड कसं झालं एवढंच मोजायचं! ही कसली चौकशी? आमच्या स्टँडवरच्या दोरीला बांधलेल्या, कडा दुमडलेल्या पुस्तकात म्हातारीची शिवी राहायला जागा होती.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी तात्या दुकानात आले आणि आधी दार लोटून घेतलं. “हे घरी बोलायचं न्हाय,” म्हणाले. काकींना त्यांनी सांगितलं होतं की पोरीनं तूप बोटानं चाटून संपवलं. लेकीलाही पढवलं होतं. तीही फोनवर म्हणाली होती, आई, असं तूप कुणाला जमत नाही. काकींनी फक्त एक विचारलं, डबा कुठाय. तात्या म्हणाले, लेकीनं ठेवून घेतला, तुझी आठवण म्हणून.

“आता मला येवढंच कळाय पायजे,” तात्या मला म्हणाले, “खाल्लं का फेकलं? खाल्लं असंल तर माझी तक्रार न्हाय. त्या बाईनं खाल्लं असंल, तिच्या पोराबाळांनी खाल्लं असंल, तर अन्न पोटात गेलं. मी घरी बोल्लो ते निम्मं तरी खरं ठरंल. फेकलं असंल तर...” पुढचं वाक्य त्यांनी कधीच पुरं केलं नाही.

मला त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. मीच एकदा म्हटलं, तात्या, चूक माझी आहे. ते म्हणाले, “तुमी चौकशीच्या खिडकीतलं मानूस. गर्दी असती.” तीस वर्षं स्वतः त्या खिडकीत काढलेल्या माणसानं मला ही सूट द्यावी, याची मला आजही लाज वाटते.

मी विमानतळाच्या संकेतस्थळावर जाऊन त्यांची तक्रार इंग्रजीत भरली. तात्या बाजूला बसून एकेक शब्द सांगत होते: डबा कडीचा, तूप गाईचं, वास घेतला, फळीवर ठेवला, खाल्लं का फेकलं ते कळवणे. आठ दिवसांत उत्तर आलं. आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. आपला अनुभव आम्हाला मोलाचा वाटतो. कृपया आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? मी ते मराठीत वाचून दाखवलं. तात्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “खाल्लं का फेकलं, ते कुठल्या ओळीत हाय?” मी म्हटलं, कुठल्याच नाही. पुन्हा भरलं. पुन्हा तेच उत्तर आलं, स्वल्पविरामासकट.

मग त्यांनी वही आणली. शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची. वर लिहिलं, ‘ते गाव : प्रवाशांचे अभिप्राय’, आणि ती माझ्या टेबलाच्या पायाला दोरीनं बांधली. त्या विमानतळावरून जाऊन आलेल्या प्रत्येकाने विमानतळाबद्दल आणि गावाबद्दल तीत लिहायचं. जाण्याआधी प्रत्येकाला तात्या एक चिठ्ठी देत. मीच तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं: इथे काढून घेतलेले खाद्यपदार्थ तुम्ही खाता की फेकता? ही चिठ्ठी तपासणीतल्या माणसाला दाखवायची आणि उत्तर आणायचं. बस्स, एवढंच.

ती वही आजही माझ्याकडे आहे, आणि चाळली की माझं रक्त तापतं.

कन्हेरीच्या एका ढोबळी मिरचीवाल्यानं लिहिलं: ‘एअरपोर्ट एक नंबर. सिटी एकदम क्लीन. फरशीत तोंड दिसते.’ खाली तात्यांचा लाल शाईतला शेरा: ‘तोंड बघायला गेले होते काय? प्रश्नाचे उत्तर नाही.’

पळसदेवच्या एक बाई मुलाकडे जाऊन आल्या. त्यांनी लिहिलं: ‘चॉकलेट छान. विमानातून नदी दिसली पण आपल्या धरणाच्या पाण्यापुढे काही नाही. खुर्च्यांच्या मधोमध दांडा, आडवं होता येत नाही.’ शेरा: ‘दांड्याची तक्रार रास्त. चिठ्ठी दाखवली नाही.’

बारामतीकडचे एक प्राध्यापक होते, त्यांनी दीड पान भरलं. तिथली शिस्त, तिथली शांतता, कुणी हॉर्न वाजवत नाही, कुणी थुंकत नाही, आपण कधी सुधारणार? शहर पाहायला त्यांना तीन तास मिळाले होते, आणि तेवढ्यात त्यांनी आपला सगळा देश निकालात काढला होता. चिठ्ठीचं काय केलंत म्हणून मी विचारलं. हसले. “अहो, असं विचारणं बरं दिसत नाही. आपल्या देशाबद्दल काय मत होईल त्यांचं?” तात्यांचा शेरा: ‘यांनी परत येण्याची गरज नव्हती.’

सगळे गेले, सगळ्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि एकानंही ती दाखवली नाही. कुणाला लाज वाटली, कुणी विसरलं, कुणी विमानात तिच्यावर चघळलेलं च्युइंगम चिकटवलं आणि वर मला ते सांगितलं. परक्या गावाच्या फरशीत यांना आपलं तोंड दिसतं, आणि शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याचं तोंड दिसत नाही. दुकानात येऊन त्यांची नक्कल करायचे लोक. “काय कंट्रोलर, खाल्लं का फेकलं?” तात्या तेवढ्याच गंभीरपणे विचारायचे, “तुमी चिठ्ठी दावली का?” मग हसणं थांबायचं, आणि मला बरं वाटायचं.

शेवटी मी स्वतः गेलो. भाजीपाला करणाऱ्यांचा एक गट हॉलंडला ग्रीनहाऊस बघायला निघाला होता, बरोबर माहीतगार माणूस हवा होता. तिकिटं मीच काढली आणि मुद्दाम त्या गावावरून काढली. तात्यांनी चिठ्ठी दिली नाही. माझा हात धरला आणि म्हणाले, “तुमी इचाराल.”

मी विचारलं. ती बाई नव्हती. चौकशी केली तर अशी कुणी बाई आता इथे नाही म्हणाले. एक तरुण होता, दाढी राखलेला, बोलायला सभ्य. मी रांगेतून बाजूला झालो, गटातल्यांना पुढे काढलं आणि सगळी हकिगत सांगितली. त्यानं ऐकून घेतली, हे कबूल करायला हवं. मग म्हणाला, सगळं फेकतो. मी विचारलं, फळीवर ठेवलं तरी? तो म्हणाला, पिंप भरलं असेल तर फळीवर ठेवतात, पिंप बदललं की त्यात टाकतात. कुणी खात नाही? तो हसला. खाल्लं तर नोकरी जाईल. मी म्हटलं, चांगलं तूप होतं. तो म्हणाला, चांगलं असेल, खात्री आहे माझी.

पिंप माझ्यासमोरच होतं. पाण्याच्या बाटल्या, अत्तरं, मधाची एक बाटली, आणि लोणच्याची एक बरणी, झाकणाला पिवळं फडकं बांधलेली. गाठ पक्की होती, सुटलेली नव्हती. लोणचं आहे हे बाहेरूनच कळत होतं म्हणून कुणी ती उघडायचीही तसदी घेतली नव्हती. त्या बरणीकडे बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याहून जास्त आला तो राग. त्या दाढीवाल्यावर नाही. तो त्याचं काम करत होता. नियमावरही नाही, असेल काही कारण नियमाला. राग या गोष्टीचा आला की एवढ्या मोठ्या, काचेच्या, फरशीत तोंड दिसणाऱ्या गावात, हे फेकावं लागतं याचं वाईट वाटायची सोय कुणी ठेवलेली नाही. आणि राग माझा. न्या की, म्हणणाऱ्याचा.

पुढे तो खांब होता. चार तोंडांचा. मी लाल दाबलं. मागून आमच्याच गटातल्या एकानं हसत हसत हिरवं दाबलं. “जाऊ द्या की मालक, आपला चांगला रिपोर्ट जाऊ द्या.” त्याच्याशी मी परतीच्या प्रवासात एक शब्द बोललो नाही.

परत आलो तर आठ दिवस तात्या दुकानात फिरकले नाहीत. थंडीतापानं पडलेत असं कळलं. मी मोटारसायकल काढून कळंबला गेलो. वाटेत ठरवून टाकलं होतं: खरं सांगायचं. त्या माणसानं आयुष्यभर स्वतःविरुद्धसुद्धा खरी तक्रार लिहून घेतली; त्याला खोटं उत्तर देणं म्हणजे त्याचा अपमान.

दारात काकी भेटल्या. काठी टेकत बाहेर आल्या आणि मला ओसरीवर न नेता गोठ्याकडे घेऊन गेल्या.

“जाऊन आलासा नव्हं त्या गावास्नं?”

मी मान डोलावली.

“फेकलं ना?”

घरी बोलायचं नाही, हे वचन मी दिलेलं होतं. काकी गाईच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

“ते आलं आनि म्हनलं, डबा लेकीनं ठिवून घेतला. तवाच कळलं मला. माझी लेक हाय ती. कुनाचा डबा ठिवून घ्यायची न्हाय, आनि रिकामा बी लावून द्यायची न्हाय. साखर तरी घातली असती चिमूटभर.” त्या जराशा हसल्या. “कुठं पडलं, कुनी काढून घेतलं, ते ठावं न्हवतं. पर झोपंत बोलत्यात. ते गाव, ते गाव. खाल्लं का फेकलं, खाल्लं का फेकलं. दोन वर्सं आयकतीया.”

“मग तुम्ही त्यांना सांगत का नाही, की तुम्हाला माहीत आहे?”

“सांगून? माझ्याफुडं खोटं पडल्यालं सोसायचं न्हाय त्येंना. आनि तुपाचं काय, गाय हाय, मी बी हाय, पुन्यांदा कढवीन. तुमी असं करा, खाल्लं म्हनून सांगा.”

“खोटं सांगू?”

“मग दोन वर्सं मी काय करतीया?” काकी म्हणाल्या आणि काठी टेकत आत गेल्या.

तात्या ओसरीवर घोंगडी पांघरून बसले होते. मला बघताच सरळ झाले. आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

“इचारलं?”

“विचारलं. खाल्लं म्हणाले.”

त्यांनी डोळे मिटले नाहीत की हुश्श केलं नाही. तक्रार लिहून घेणाऱ्या माणसानं करावं तसं केलं. उलटतपासणी घेतली.

“कुनी?”

“त्याच बाईनं. आणि तिच्याबरोबर काम करणाऱ्या दोघींनी.”

“कशासंगं?”

“ब्रेडला लावून.”

“ब्रेडला.” ते विचारात पडले. “मीठ भुरभुरलं हुतं का वरनं?”

“ते नाही विचारलं.”

“इचारायचं. मीठ पायजे. मग काय म्हनल्या?”

“असं तूप कधी खाल्लं नव्हतं म्हणाल्या.”

तात्यांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. मग अचानक, आवाज खाली ठेवायचं भान न राहता, त्यांनी विचारलं, “आनि डबा? डब्याचं काय केलं त्येंनी?”

याचं उत्तर मी तयार केलेलं नव्हतं. तेवढ्यात आतून, चुलीपासून, काकींचा आवाज आला.

“डबा? डबा लेकीकडं न्हाय का? तुमीच म्हनला नव्हं.”

“व्हय व्हय,” तात्या घाईघाईनं म्हणाले. “लेकीकडंच हाय. लेकीकडंच.” आणि माझ्याकडे बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

काकी चहा घेऊन आल्या. आम्ही तिघं चहा प्यालो. त्या घरात त्या क्षणी खोटं बोलत नव्हती ती फक्त गाय.

पुढच्या आठवड्यात तात्या दुकानात आले, वही पुढे ओढली आणि सगळ्यांच्या अभिप्रायांखाली स्वतःचा लिहिला. ‘विमानतळ ठीक. गाव पाहिले नाही, पण चांगले असावे. माणसे अन्न ओळखणारी आहेत. तक्रार मागे.’ खाली सही. शेरा मारायची जागा त्यांनी मोकळी ठेवली आणि लाल पेन माझ्यापुढे केलं. चौकशी मी केली होती, तेव्हा शेरा माझा. मी पेन हातात घेऊन बसलो. मग प्रिंटर अडला असं काहीतरी बोललो आणि उठलो. ती जागा अजून मोकळी आहे.

त्याच दिवशी कन्हेरीचं एक जोडपं आलं, मुलीच्या बाळंतपणाला निघालेलं. बाईंनी विचारलं, विमान कुठं बदलायचं असतं? मी तोंड उघडायच्या आत तात्यांनी त्या शहराचं नाव घेतलं. दोन वर्षांत पहिल्यांदा. ठणठणीत, घोषणेच्या आवाजात. “बिनघोर जावा. चांगली मानसं हायत तितली.” बाई खूश झाल्या. पिशवीवर हात ठेवून म्हणाल्या, मग डिंकाचे लाडू आणि तूप न्यायला हरकत नाही ना?

तात्या माझ्याकडे बघत होते. मी मान वर केली, पूर्ण वर केली, बाईंकडे बघत सगळं सांगितलं: लाडू कुठे, तूप कुठे, मोठ्या बॅगेत कसं बांधायचं, मांडीवर का न्यायचं नाही. तात्यांची दुपारची गाडी लागली तसे ते उठले आणि दारातून त्या जोडप्याला पुन्हा एकदा त्या शहराचं नाव सांगून गेले.

ते रस्ता ओलांडून गेल्यावर मी तिकिटं काढली. दुसऱ्या गावावरून.